इंग्रजांना शाकाहार कुणी शिकवला?

इंग्रजांना शाकाहाराची नैतिक बाजू भारतात आल्यावर कळली, त्याआधी मांसाहाराबद्दल तिकडे कुणाला खंत नव्हती, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही.

इंग्लंडमधली शाकाहारी संस्था 1847 मधली, हे बरोबर. पण हा वाद त्याआधी दोनशे वर्षं छापून येत होता. 1653 मध्ये मार्गारेट कॅव्हेंडिशनं सशाच्या शिकारीवर कविता लिहिली. ससा घामाघूम होऊन पळतो, कुत्रे त्याला गाठतात. आणि शेवटी ती थेट माणसावर येते: गंमत म्हणून मारलेल्या जिवांनी हा आपल्या पोटाची थडगी भरतो. इतकं धारदार लिहिणारी ही बाई एका बड्या सरदाराची पत्नी होती, शिकार तिच्या घरातलीच गोष्ट.

रॉजर क्रॅब तर टोप्या विकणारा, यादवी युद्धात लढलेला. त्यानं मांस, दारू सोडली, मालमत्ता गरिबांना वाटली. 1655 च्या त्याच्या पुस्तिकेत कोंडा, सलगमाचा पाला आणि गवतही जेवणात आहे. खर्च आठवड्याला पाऊण पेनी! त्याची प्रेरणा बायबल होती.

भारताचा संबंध आहेच, आणि तो मोलाचा आहे. थॉमस ट्रायन या इंग्रज लेखकानं 1683 मध्ये भारतीय ब्राह्मण आणि फ्रेंच गृहस्थ यांचा काल्पनिक संवाद छापला. पण स्वतः ट्रायननं मांस सोडलं ते 1657 च्या सुमारास, आतल्या आवाजाला देवाचा आदेश मानून. तो भारतात कधी आलाच नव्हता.