मागच्या बाकावरच्या मॅडम: तपासायला की सोबतीला?

तास चालू असताना ज्येष्ठ प्राध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले की नव्या माणसाच्या घशाला कोरड पडते. ते तपासणीला आलेत की मदतीला, हे बघून कळत नाही. हातात वही-पेन दोन्ही वेळा असतं. फरक आहे तो ती वही नंतर कुठे जाते, यात.

तपासणीची वही वर जाते: प्राचार्यांकडे, कॉलेजची गुणवत्ता बघणाऱ्या आयक्यूएसी या कक्षाच्या फायलीत. तारीख, घटक, फलकलेखन, शेरा ‘समाधानकारक’. यात गैर काही नाही. बढती द्यायची तर नोंद हवीच. पण ज्याची बढती तुमच्या सहीवर अडलेली आहे, तो आपलं कुठे अडतं ते तुम्हाला कशाला दाखवील? त्या दिवशी तो हमखास जमणारा घटक घेतो आणि पोरांना आदल्या दिवशीच दम देऊन ठेवतो.

मेंटॉरची, म्हणजे सोबतीला आलेल्या ज्येष्ठाची, वही ज्याचा तास त्याच्याच हातात पडते. काय बघायचं हेही तोच सांगतो. (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या तक्त्यातले ‘मेंटॉर-मेंटी’ म्हणजे प्राध्यापक आणि विद्यार्थी, ते प्रकरण वेगळं.) इतिहासाचा एक नवा सहकारी मला म्हणाला, “मॅडम, पोरं बोलतच नाहीत, तेवढं बघा.” मी तासभर तेवढंच लिहिलं: त्याचा प्रत्येक प्रश्न आणि पुढे तो किती सेकंद थांबला. सोळा प्रश्न, त्यांतले नऊ “समजलं ना?” दोन सेकंद एकदाही भरले नाहीत, उत्तर देऊन हाच मोकळा. कॅन्टीनमध्ये वही त्याच्यापुढे सरकवली. चहा निवेपर्यंत तो आकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मी थांबतच नाही की!”

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. पुढच्या आठवड्यात हा मनात तीन आकडे मोजत उभा. पोरांना वाटलं, सर विसरले.

प्राध्यापकांसाठीच्या रिफ्रेशर कोर्समधून विषयाची नवी माहिती मिळते, ‘कॅस’ या बढतीच्या योजनेला त्याचं प्रमाणपत्रही लागतं, पण तुमचा वर्ग तिथे कुणी पाहत नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणात ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांना मेंटॉर म्हणून जोडण्याची कल्पना आहे. माझं म्हणणं एवढंच, की गोपनीय अहवाल लिहिणाऱ्याने हे काम घेऊ नये. शक्यतो दुसऱ्या विभागातलं कुणीतरी बोलवावं. मी रसायनशास्त्राची. त्याचं पानिपत बरोबर की चूक मला कळत नव्हतं, म्हणूनच माझं लक्ष घड्याळावर राहिलं.