स्थानसंकेत (बेळगाव सीमाभाग)

रस्ता आणि घरक्रमांक यांच्याऐवजी अक्षांश-रेखांशांवरून काढलेली, एखाद्या जागेची आटोपशीर खूण म्हणजे स्थानसंकेत. गूगलच्या झुरिक कार्यालयात तयार झालेला ‘प्लस कोड’ २०१४ मध्ये खुला झाला. भारतीय टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या साहाय्याने केलेला ‘डिजिपिन’ २०२५ मध्ये आला. सीमाभागात रोजच्या बोलण्यात यांपैकी एकही नाव फारसे रुळलेले नाही. ‘लोकेशन टाक’ म्हटले की भागते.

पत्त्याची गरज मात्र इथे खरीच आहे. मारुती गल्ली बेळगाव शहरात आहे, तशी ती आसपासच्या कितीतरी गावांतही आहे. पाटी कन्नडमध्ये, कागदपत्रांवर रोमन स्पेलिंग आणि वाट सांगणारा मराठीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नावही ‘बेळगावी’ झाले. म्हणून पार्सलवाल्याचा ‘देवळापाशी आलोय, आता कुठं?’ हा फोन चुकत नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यात, विखुरलेल्या वस्त्यांना नाव द्यायला रस्ताच नसतो. संकेताचा खरा उपयोग तिथे आहे, विशेषतः रुग्णवाहिका बोलावताना.

प्लस कोडमध्ये वीसच चिन्हे वापरतात. स्वर वगळल्यामुळे चुकून एखादा शब्द तयार होण्याचा धोका कमी होतो. दहा चिन्हांचा पूर्ण संकेत साधारण १४ मीटर बाजूचा चौकोन दाखवतो. डिजिपिनचा चौकोन सुमारे ४ मीटरचा. प्लस कोडची पहिली चार चिन्हे एक अंश लांबी-रुंदीचा पट्टा ठरवतात आणि इथेच या भागाची गंमत आहे. कर्नाटकातली निपाणी आणि महाराष्ट्रातली कागल व कोल्हापूर या तिन्हींचे संकेत सात-जे-आठ-पी या एकाच गटाने सुरू होतात. बेळगाव, खानापूर आणि महाराष्ट्रातले चंदगड सात-जे-सात-पीमध्ये येतात. पिनकोड मात्र राज्याची हद्द पाळतो: निपाणी ५९१२३७, तर कागल ४१६२१६. ज्या रेषेवरून इतकी आंदोलने झाली, ती या गणिताला दिसतच नाही.

तरी भाषेचा प्रश्न सुटला असे म्हणणे घाईचे ठरेल. चिन्हे रोमन आहेत. शिवाय पहिली चार गाळून छोटा संकेत वापरायचा, तर पुढे गावाचे नाव जोडावे लागते, म्हणजे बेळगाव की बेळगावी हे पुन्हा आलेच. छोट्या रूपातून जागा शोधताना त्या गावाचे ठिकाण माहीत असावे लागते. पूर्ण संकेत मात्र निव्वळ आकडेमोडीने, नेटवर्क नसतानाही काढता येतो. कणकुंबीसारख्या ठिकाणी तोच लिहून ठेवणे शहाणपणाचे. टिळकवाडीतल्या अपार्टमेंटचा मजला दोन्ही पद्धतींत कळत नाही. डिजिपिन पिनकोडची जागा घेत नाही, त्याला पूरक म्हणून आहे. त्यामुळे पाकिटावर पिनकोड लिहावाच लागतो.