अ‍ॅस्टेरिस्कच्या आधी डाहडी का बसवतात?

लिनक्सवर पहिल्यांदाच अ‍ॅस्टेरिस्क बसवणारा सहसा एकाच जागी अडखळतो. ऑफिसचं फोन एक्सचेंज चालवणारं हे सॉफ्टवेअर, मग त्यासाठी कर्नल हेडर्स, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी (कर्नलसाठी) ड्रायव्हर बांधताना लागणाऱ्या फाइल्स, कशाला? आणि टेलिफोन कार्ड चालवणारा डाहडी नावाचा ड्रायव्हर त्याच्याही आधी का कंपाइल करायचा?

१९९९ साली अलाबामातला मार्क स्पेन्सर हा विद्यार्थी लिनक्सची मदत पुरवणारी छोटी कंपनी चालवत होता. कंपनीला फोन एक्सचेंज हवं होतं, पण तयार यंत्रणेची किंमत आवाक्याबाहेरची. म्हणून त्याने स्वतःच एक्सचेंज, म्हणजे अ‍ॅस्टेरिस्क, लिहिलं आणि जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. मात्र टेलिफोनची लाइन कॉम्प्युटरला जोडायची कशी, हा प्रश्न उरलाच.

तो सोडवला जिम डिक्सनने, आणि माझ्या मते या कथेत त्याला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. टेलिफोनी कार्डांवर तेव्हा आवाजावर प्रक्रिया करणारे महागडे डीएसपी चिप असत. पीसीचा प्रोसेसर आता हे काम स्वतः करण्याइतका वेगवान झालाय, हे डिक्सनने ओळखलं. त्याने साधं, स्वस्त कार्ड बनवलं आणि त्याचा आराखडाही खुला केला. मेक्सिकन क्रांतिकारक एमिलियानो झपाटाच्या नावावरून प्रकल्पाला नाव दिलं झपाटा टेलिफोनी. ड्रायव्हर झाला झॅपटेल.

कार्डावरचं काम प्रोसेसरवर आलं आणि ते वेळेत व्हावं म्हणून थेट कर्नलमध्ये गेलं. कर्नल हेडर्स लागतात ते यामुळेच. कॉन्फरन्समधले आवाज एकत्र करण्याचं कामही झॅपटेलकडेच होतं. त्यामुळे कार्ड नसलं तरी नुसत्या टायमिंगसाठी, म्हणजे आवाज एकत्र करायला लागणाऱ्या नियमित ठोक्यांसाठी, झॅपटेलचं ‘झेडटीडमी’ मॉड्यूल चढवावं लागे. पुढे ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २००८ साली झॅपटेलचं डाहडी झालं.

टी१ आणि ई१ या एकाच वेळी अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइन. अमेरिकेत टी१ लाइनवर २४ चॅनल, तर आपल्याकडच्या ई१ लाइनवर ३२ टाइमस्लॉट. इथली पीआरआय (ऑफिसला फोन कंपनीकडून मिळणारी अशीच लाइन) जोडताना कॉन्फिग फाइलमध्ये १ ते १५ आणि १७ ते ३१ हे आवाजाचे चॅनल लिहायचे आणि १६वा सिग्नलिंगला, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याच्या संकेतांना, सोडायचा. अमेरिकन उदाहरण जसंच्या तसं उतरवलं, तर लाइन उभीच राहत नाही.

पुढे कॉल इंटरनेटवरून एसआयपी या प्रोटोकॉलने येऊ लागले. अ‍ॅस्टेरिस्क १२ मध्ये एसआयपीसाठी नवा पीजेसिप चॅनल ड्रायव्हर आला, आणि २१व्या आवृत्तीत जुना चॅन-सिप काढूनच टाकला. टायमिंग आता लिनक्स स्वतः पुरवतो, कॉन्फरन्सला अ‍ॅस्टेरिस्कचाच कॉन्फब्रिज आहे. नुसती एसआयपी ट्रंक, म्हणजे फोन कंपनीशी इंटरनेटवरूनची जोडणी, असेल, तर डाहडी खुशाल वगळा. पीआरआय कार्ड असेल, तर मात्र कर्नल अपडेट झाल्यावर डाहडीचं मॉड्यूल त्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं; नाहीतर रीबूटनंतर अ‍ॅस्टेरिस्क सुरू दिसतो, पण लाइनवर एकही कॉल येत नाही.