तेजोमेघांचे हौशी छायाचित्रण

छोटी दुर्बीण आणि कॅमेरा वापरून आकाशातील वायू-धुळीच्या ढगांची, म्हणजे तेजोमेघांची (अभ्रिकांची), दीर्घ एक्सपोजरची (सेन्सरवर बराच वेळ प्रकाश पडू देऊन घेतलेली) छायाचित्रे काढण्याचा छंद. ग्रह टिपताना हवा किती स्थिर आहे यावर बरेच अवलंबून असते. तेजोमेघांच्या बाबतीत खरे भांडवल म्हणजे वेळ. डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही, कॅमेऱ्याला येतो. म्हणून दुर्बिणीतून राखाडी डागासारखा दिसणारा ढग तासन्‌तास प्रकाश गोळा केल्यावर लाल-निळ्या पदरांसह उभा राहतो.

बहुतेकांचा पहिला तेजोमेघ मृग नक्षत्रातला एम ४२ (मेसिए यांच्या यादीतला ४२ वा) असतो. हरणाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला तो अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनाही धूसर दिसतो. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. आकाशातला पसारा मात्र पूर्णचंद्राच्या दुपटीचा, त्यामुळे फार मोठी दुर्बीण लागतच नाही. या विद्येचा इतिहासही इथूनच सुरू होतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून सुमारे ५० मिनिटांचे एक्सपोजर देऊन त्याचे पहिले छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये लंडनजवळच्या ईलिंग इथे अँड्र्यू कॉमन यांनी घरच्या बागेतल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून असे छायाचित्र काढले, की डोळ्याला त्या दुर्बिणीतूनही न दिसलेले तारे छायाचित्राच्या काचेवर उमटले. कॉमन पेशाने अभियंता. म्हणजे हौशी माणूसच.

पृथ्वी फिरते म्हणून तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतात. ४०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि ४ मायक्रॉन पिक्सेलचा सेन्सर घेतला, तर एक पिक्सेल जवळपास दोन विकलांचा पडतो; म्हणजे एम ४२ मधला तारा एका सेकंदात सात पिक्सेल ओलांडून जातो. हे सरकणे भरून काढते ते विषुववृत्तीय माउंट, म्हणजे दुर्बीण बसवायची फिरती बैठक. त्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखायचा आणि त्याभोवती ताऱ्यांच्याच गतीने दुर्बीण फिरवायची. नवख्यांचे पैसे दुर्बिणीवर खर्च होतात आणि माउंटमध्ये काटकसर होते. खरे तर उलट करायला हवे. डगमगत्या माउंटवरची भारी दुर्बीण लांबट तारेच देते.

फोकससाठी दुर्बिणीच्या तोंडावर बाटिनोव्ह मास्क नावाची खाचांची जाळी लावतात. तेजस्वी ताऱ्यातून तीन रेषा फुटतात. मधली रेषा बाकीच्या दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस जुळला. रात्र थंड होत जाते तशी नळी आकसते आणि फोकस हलतो, म्हणून मधूनमधून पुन्हा तपासावे लागते.

एकच लांबलचक एक्सपोजर आता सहसा कोणी देत नाही. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतच्या शेकडो फ्रेम घेऊन त्या संगणकावर एकमेकींवर बसवतात. यालाच स्टॅकिंग म्हणतात. विमान किंवा उपग्रहाची रेघ आली तर ती याच टप्प्यात गाळता येते. फ्रेम वाढतील तसा प्रकाश त्या पटीत वाढतो, नॉइज (चित्रातली दाणेदार खरखर) मात्र वर्गमुळाच्याच पटीत. त्यामुळे चित्र दुप्पट स्वच्छ करायचे तर वेळ चौपट द्यावा लागतो. शिवाय कॅमेऱ्याचे आणि दुर्बिणीचे स्वतःचे दोष वजा करायला झाकण लावून काढलेल्या ‘डार्क’ आणि एकसारख्या उजेडावर काढलेल्या ‘फ्लॅट’ फ्रेम हव्यातच. फ्लॅटचा कंटाळा केला की सेन्सरवरची धूळ चित्रात काळ्या वर्तुळांच्या रूपाने हजर होते. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. एम ४२ च्या बाबतीत आणखी एक पेच असतो: गाभ्यातले चार तारे भोवतालच्या वायूसकट चटकन पांढरे फटक होतात, तर बाहेरचे पंख दिसायला मिनिटे लागतात. म्हणून छोटी आणि मोठी एक्सपोजर वेगळी घेऊन जोडतात.

तेजोमेघांची लाली प्रामुख्याने हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची असते. नेहमीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यातला आतला फिल्टर नेमका हाच प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे हौशी लोक तो काढून घेतात किंवा थेट थंड केलेल्या सेन्सरचा खगोलीय कॅमेरा वापरतात. हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक यांच्या ठरावीक तरंगलांब्याच आत सोडणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावले तर शहराच्या गच्चीवरूनही काम होते. हबल दुर्बिणीच्या १९९५ सालच्या गरुड तेजोमेघाच्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता; तीच पद्धत पुढे हौशींमध्ये रूढ झाली. असे रंग म्हणजे फसवणूक नव्हे. गंधक व हायड्रोजन दोघेही लालच असल्याने त्यांना वेगळे दाखवण्याची ती सोय आहे. मूळ फ्रेममध्ये नसलेले तपशील सॉफ्टवेअरने ‘रेखून’ घेणे ही मात्र फसवणूकच.

व्यावसायिक वेधशाळांत वेळ मोजून मिळतो. हौशी माणूस आकाशाच्या एकाच तुकड्यावर हवा तितका वेळ घालवू शकतो. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीत जे मॅकनील यांना तीन इंची दुर्बिणीने घेतलेल्या चित्रात एम ७८ जवळ एक नवाच तेजोमेघ दिसला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. यान सेंती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झेव्हियर स्ट्रॉटनर या हौशींनी तर देवयानी दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची भली मोठी कमान शोधली. इतक्या वेळा टिपलेल्या त्या भागात ती आधी कोणाच्या नजरेस आली नव्हती. २०२३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाल्यावर ती कमान देवयानीजवळची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर बराच खल झाला.

महाराष्ट्रात या छंदाचे चार महिने पावसाळा खातो, आणि नेमके तेव्हाच धनु-वृश्चिकाकडचे एम ८, एम १६ सारखे तेजोमेघ रात्री सोयीच्या वेळी वर असतात. ते टिपायचे तर मार्च ते मे या काळात पहाटेपर्यंत जागावे लागते. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो. एखादा डोंगर किंवा उंच इमारत आड आली की माउंट रोखणे अवघड. उलट युरोपातून कधीच न दिसणारा कॅरिना तेजोमेघ इथे दक्षिण क्षितिजावर अकरा-बारा अंश वर येतो. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (१९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ या संस्थांनी आकाशदर्शनाची गोडी लावली आणि त्यातूनच अनेकजण कॅमेऱ्याकडे वळले. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. शहरातल्या काहींनी आता चिली किंवा नामिबियातल्या दुर्बिणी भाड्याने घेऊन घरबसल्या फ्रेम मिळवायला सुरुवात केली आहे. अशा चित्राला स्पर्धेत वेगळा गट असावा, असे गच्चीवर दव पुसत रात्र काढणाऱ्यांचे म्हणणे असते.