गुप्तवार्ता अधिकारी (खानदेश)

सरकारसाठी गुप्त बातम्या गोळा करून, पारखून त्या वरपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेतील वरिष्ठ अधिकारी. महाराष्ट्रात या यंत्रणेच्या माथ्यावर राज्य गुप्तवार्ता विभागाचे आयुक्त असतात. हे पद भारतीय पोलीस सेवेतल्या अपर पोलीस महासंचालक दर्जाचे आहे. केंद्रात हेच काम आयबी (इंटेलिजन्स ब्युरो) करते. तिची मुळे १८८७ सालच्या केंद्रीय विशेष शाखेत आहेत. परदेशातील कामासाठी १९६८ मध्ये ‘रॉ’ (रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग) वेगळी काढण्यात आली. या पदांवर पोचणारा अधिकारी खानदेशात आला, तर बहुधा उमेदीच्या वर्षांत, जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचा पोलीस अधीक्षक म्हणून येतो. जिल्हा विशेष शाखा तेव्हा त्याच्या हाताखाली असते आणि पोलीस ठाण्यातला ‘गोपनीय’चा अंमलदार त्याला रोजची खबर पुरवतो.

खानदेशात हे काम आजच्या पोलीस खात्याहून जुने आहे. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला, तेव्हा मैदानातला मुलूख हाती लागला. सातपुडा, सातमाळा आणि डांगाकडचे डोंगर मात्र भिल्ल नाईकांकडेच राहिले. पलटणी धाडून काही साधले नाही. डोंगरात कोण कुठे आहे हे पलटणीला ठाऊक नव्हते, आणि ज्याला ठाऊक होते तो गावचा जागल्या, म्हणजे राखणदार, बऱ्याच ठिकाणी स्वतःच भिल्ल होता. अखेर १८२५ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना भिल्लांसाठी वेगळ्या एजन्सी नेमल्या गेल्या. तगाई देऊन भिल्लांना जमिनीवर बसवणे, त्यांचे जुने हक्क तपासणे आणि नाईकांशी बोलणी चालू ठेवणे ही एजंटाची कामे होती. कागदोपत्री तो कारभारी होता. खरे काम खबर राखण्याचे.

यातले ठळक नाव कंपनीच्या फौजेतला अधिकारी जेम्स आउट्रम. भिल्ल पलटण उभारायला तो आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पलटणीचे ठाणे धरणगावला पडले. ज्या माणसांचा माग काढायचा त्यांनाच त्याने शिपाई केले, त्यांच्याबरोबर शिकारी केल्या आणि डोंगरात मुक्काम टाकले. त्याने मारलेल्या वाघांचे आकडे चरित्रकार मोठ्या हौसेने देतात. त्या शिकारीत वाट कोण दाखवत होते, हे मात्र त्यांच्या लेखी गौण आहे. खबर देणाऱ्याचे नाव दप्तरात येत नाही आणि बढती साहेबाची होते, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आउट्रमची पुढची वाटचाल या पेशाचे दुसरे अंग दाखवते. मही कांठा, सिंध, सातारा करीत १८४७ मध्ये तो बडोद्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, झाला. तिथली लाचलुचपत थेट मुंबई सरकारच्या कचेऱ्यांपर्यंत पोचली असल्याचे त्याने लिहून कळवले, आणि १८५१ मध्ये त्याची उचलबांगडी झाली. गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याला पुन्हा बोलावले. पुढे १८५४ मध्ये तो लखनौला गेला. तिथून त्याने पाठवलेल्या अहवालाने अवध खालसा करण्याच्या बेताला बळ मिळाले. तो अहवाल वरिष्ठांना हवा तसाच होता, म्हणून त्यावर कुणाची नाराजी ओढवली नाही.

माहीतगार माणूस उलटला तर काय होते, हे भिल्ल पुढारी खाज्या नाईकाने दाखवले. सेंधव्याच्या घाटरस्त्याची राखण त्याच्याकडे होती. शिक्षा भोगून आलेल्या या माणसाला १८५७ च्या धामधुमीत सरकारने पुन्हा चाकरीत घेतले आणि थोड्याच दिवसांत तो बंडात उतरला. ११ एप्रिल १८५८ च्या आंबापाणीच्या लढाईत इंग्रजांसमोर सातपुड्याच्या वाटा त्यांच्याहून चांगल्या ओळखणारी माणसे होती.

विसाव्या शतकात हे काम डोंगरातून टेबलावर आले. पोलीस सुधारणेसाठी नेमलेल्या फ्रेझर आयोगानंतर (१९०२–०३) प्रांतोप्रांती गुन्हे अन्वेषण खाती निघाली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जिल्ह्याजिल्ह्यातून सभा, भाषणे, वर्तमानपत्रे आणि फिरस्ते कार्यकर्ते यांची खबर गोळा होऊन मुंबईला गोपनीय साप्ताहिक सारांश तयार होई. डिसेंबर १९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन खेड्यात भरलेले पहिलेच. अशा प्रसंगी भाषणे टिपून घेणारे पोलीस लघुलेखक ठरलेले असत. यातले पुष्कळ कागद १९५७ पासून राज्य सरकारने स्वातंत्र्यलढ्याची साधने म्हणून छापले. ज्यांच्यावर पाळत होती त्यांचा इतिहास आता पाळतीच्याच कागदांवरून लिहावा लागतो.

कागद नीटनेटका होता, पण त्यात पुढारीच दिसत. ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी तुरुंगात गेले आणि ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर शाळकरी पोरे उतरली. गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले. अशी पोरे कुठल्याच यादीत नसतात. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. नाना पाटलांच्या प्रतिसरकारची साताऱ्याकडची माणसे खानदेशातल्या सोबत्यांच्या मदतीने इथवर येऊन सुमारे साडेपाच लाख रुपये घेऊन गेली, आणि यंत्रणेला आधी सुगावा लागला नाही.

आजच्या अधीक्षकाचे विषय निराळे: सणांचे बंदोबस्त, चोपड्यापलीकडच्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून येणारे गावठी कट्टे, शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातली गांजाची शेती. जागल्याची जागा १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखालच्या पोलीस पाटलाने घेतली आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराच्या दिवशी पोरे पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवर आधीपासून फिरत होत्या; म्हणजे खबर उघड्यावरच पडलेली होती. कुठल्या पाड्यावर तिचा भडका उडेल, हे सांगू शकणारा माणूस वरच्या कचेरीत नसतो.

आयबी-रॉमध्ये गेलेल्या अधिकाऱ्याचे स्वतःचे बोलणे सहसा ऐकायला मिळत नाही. १९८५ च्या कायद्याने गुप्तचर संघटनांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटना करण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर बंधने आली. मे २०२१ च्या दुरुस्तीने केंद्राच्या अशा संस्थांतून निवृत्त झालेल्यांनाही कामाशी संबंधित काही छापण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. माहितीच्या अधिकाराचा कायदाही या संस्थांना भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांखेरीज लागू नाही.