नागपूरचे तीन रघुजी: एक नाव, तीन स्वभाव

एप्रिल २०२५ च्या अखेरीस लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक मराठा तलवार विक्रीला निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांत मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपीय, एकधारी, म्हणजे फिरंग. मूठ मुल्हेरी घाटाची. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मालकाचं नाव: राघोजी भोसले, सेनासाहेबसुभा. बातम्यांमध्ये ‘रघुजी भोसले यांची तलवार’ एवढंच ठळक छापून आलं. नागपूरकराला मात्र लगेच पुढचा प्रश्न पडतो, की रघुजी म्हणजे कितवे? या नावाचे तीन राजे महालातल्या गादीवर बसून गेले. तलवार पहिल्या रघुजींची मानली जाते. पण तिघांची आयुष्यं शेजारी ठेवली, तर एकाच नावाची माणसं किती वेगवेगळी निघतात हे दिसतं, आणि त्यांचे स्वभाव आपल्याला सांगितले कुणी, हा प्रश्नही उभा राहतो.

आधी नाव कसं पुढे जात असे ते पाहू. आजोबांचं नाव नातवाला, ही आपल्याकडची जुनी रीत. भोसल्यांच्या नागपूरकर शाखेत ती काटेकोर पाळलेली दिसते. पहिल्या रघुजींचे वडील बिंबाजी, तर त्यांच्या एका मुलाचंही नाव बिंबाजी. हेच पुढे छत्तीसगडचा कारभार पाहायला रतनपूरला गेले. शाहू महाराजांकडून सेनासाहेबसुभा हे पद प्रथम मिळवणारे परसोजी, आणि शंभरेक वर्षांनी दुसऱ्या रघुजींच्या मुलाचं नाव पुन्हा परसोजी. घराण्याच्या मूळ पुरुषांत एक मुधोजी होते. पहिल्या रघुजींच्या मुलांत एक मुधोजी आले आणि पणतवंडांत आणखी एक.

यात घरच्या बायकांची पंचाईत होई. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग तेच नाव ल्यालेल्या पोराला हाक कशी मारायची? म्हणून घरोघर दुसरं, हाकेचं नाव पडे. इतिहासाच्या पुस्तकांत गोंधळ उडवणारी कितीतरी नावं अशीच आलेली आहेत. सीताबर्डीच्या लढाईचे अप्पासाहेब म्हणजे मुधोजी. त्यांचे वडील मन्याबापू म्हणजे व्यंकोजी. बाळासाहेब म्हणजे परसोजी. कागदावरचं नाव पूर्वजाचं आणि वाड्यातलं नाव स्वतःचं, अशी ही विभागणी होती. (विदर्भात आजही शाळेच्या दाखल्यावरचं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नसतं, ‘बाल्या’ कुठे राहतो ते मात्र अख्खी गल्ली सांगते.)

पहिल्या रघुजींचं नाव मात्र कुणा आजोबांवरून आलेलं नाही. घराण्याच्या परंपरेत त्याची कथा आहे. बिंबाजींना मूल जगत नव्हतं. वाईजवळच्या पांडववाडीत रामाजीपंत कोल्हटकर नावाचे रामभक्त होते. त्यांच्या आशीर्वादाने मुलगा झाला, म्हणून रामाचं नाव ठेवलं, रघुजी. कथा खरी की मागाहून रचलेली, याचा निवाडा करण्याची गरज नाही. एवढं खरं, की याच कोल्हटकर घराण्यातले भास्करपंत पुढे रघुजींचे उजवे हात झाले, आणि रामटेकच्या गडावरच्या राममंदिराचा जीर्णोद्धारही रघुजींच्याच नावावर आहे.

हा मुलगा वाढला तो चुलते कान्होजींकडे. कान्होजींना मूल नव्हतं, तेव्हा दौलत आपल्याकडे येईल अशी रघुजींची अटकळ. पण कान्होजींना उशिरा मुलगा झाला आणि घरात बिनसलं. रघुजी थोडे स्वार घेऊन बाहेर पडले, देवगडच्या गोंड राजाकडे राहिले, एलिचपूरच्या नवाबाकडे राहिले, शेवटी साताऱ्याला शाहू महाराजांजवळ पोहोचले. शिकारीतलं धाडस महाराजांना आवडलं, नात्याची सोयरीकही जुळली. पुढे कान्होजींशी महाराजांचं फाटलं तेव्हा त्यांना धरून आणायची कामगिरी रघुजींनाच मिळाली आणि त्यांनी ती पार पाडली. ज्या चुलत्याने वाढवलं त्याला कैद करून साताऱ्याला आणणारा माणूस कोणत्या मापाने मोजायचा? कर्तबगार म्हणावा तर आहेच. मायाळू म्हणवत नाही.

पण त्याच माणसाची नागपुरातली वागणूक बघा. १७०२ च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने ते राजधानीचं शहर केलं, तट बांधला, आजचा गांधीसागर म्हणजे जुना जुम्मा तलाव, तोही त्याच्याच काळातला. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि वली शाहने गादी बळकावली. राणीने वऱ्हाडातून रघुजींना मदतीला बोलावलं. रघुजी आले, वली शाहला हटवलं, राणीच्या दोन मुलांना गादीवर बसवलं, मोबदला घेतला आणि परत गेले. चार वर्षांत भावाभावांत भांडण लागलं तेव्हा पुन्हा आले, आणि या खेपेला राहिले. तरीही बुऱ्हाण शाहला मारलं नाही, हाकललं नाही. उत्पन्नातला वाटा दिला, किताब ठेवला, राज्याभिषेकाचा टिळा गोंड राजाच्या हातून लावून घेण्याचा मान कायम राखला. त्या शतकातल्या सत्तांतरांशी तुलना केली तर हे विरळंच म्हणावं लागेल. यात शहाणपणा किती आणि सौजन्य किती, हे वेगळं काढता येत नाही. मला शहाणपणाचं पारडं जड वाटतं: मूठभर मराठे आणि चहूकडे गोंडांचा मुलूख, अशा ठिकाणी जुन्या राजाचा टिळा फौजेइतकाच उपयोगी पडतो.

बंगालला विचाराल तर चित्र निराळं. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं रघुजींच्या फौजा तिकडे जात राहिल्या. कलकत्त्याच्या इंग्रजांनी त्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणला, तो ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात लिहिलेल्या काव्यात बारगीरांनी, म्हणजे मराठा स्वारांनी, गावं कशी जाळली, लोकांचे काय हाल केले, ते सविस्तर येतं. मुलं झोपवताना आया आजही गाण्यात ‘बर्गी’ आल्याची भीती घालतात. १७४४ मध्ये अलिवर्दी खानाने बोलणीच्या निमित्ताने भास्करपंतांना आणि त्यांच्या सरदारांना तंबूत बोलावून मारलं. रघुजींचा त्यानंतरचा रेटा काही अंशी या दग्याच्या सुडाचा होता. १७५१ च्या तहात ओरिसा हाती आला आणि वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली. आपल्याकडच्या इतिहासात हा विजय म्हणून येतो, आणि तो होताच. पण ज्या माणसाने गोंड राजाला सांभाळून घेतलं, त्याच्याच नावाने हुगळीकाठची गावं ओस पडत होती. हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातलं आहे, एक बाजू झाकून दुसरी दाखवण्यात अर्थ नाही.

१७५५ च्या फेब्रुवारीत ते वारले. त्यांच्यामागे जानोजी, आणि जानोजींना मूल नाही. त्यांनी भाऊ मुधोजींचा मुलगा दत्तक घ्यायचं ठरवलं. त्याचं नाव आजोबांवरून रघुजी. १७७२ मध्ये जानोजी गेल्यावर या पोराच्या हक्कावरून त्याचे बाप मुधोजी आणि काका साबाजी एकमेकांवर उठले. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला झालेल्या लढाईत मुधोजींच्या गोळीने साबाजी पडले. भावाचं रक्त सांडून मिळालेली गादी नव्या रघुजींच्या वाट्याला आली. १७८८ मध्ये मुधोजी वारल्यावर कारभार पूर्णपणे त्यांच्या हातात आला.

दुसऱ्या रघुजींच्या सुरुवातीच्या वर्षांत राज्य सर्वांत मोठं होतं. खर्ड्याच्या लढाईत (१७९५) ते पेशव्यांबरोबर होते, नर्मदेकडचा मुलूखही हाती आला. मग १८०३ आलं, इंग्रजांशी युद्ध. सप्टेंबरमध्ये असई, नोव्हेंबरमध्ये आडगाव, डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड, आणि लगेच १७ डिसेंबरला देवगावचा तह. कटक, बालेश्वर गेलं, वर्धेपलीकडचं वऱ्हाड गेलं. आजोबांनी दहा वर्षं रक्त सांडून मिळवलेला ओरिसा नातवाने तीन महिन्यांत घालवला, असं एका ओळीत म्हणता येतं, पण ते अन्यायाचं होईल. समोर वेलस्ली होता, तोफखाना वेगळ्या जातीचा होता, आणि शिंदे-भोसल्यांची एकी कागदापुरती होती.

या रघुजींना इंग्रजांनी नाव ठेवलं, ‘बडा बनिया’. उत्पन्न कमी झाल्यावर ते स्वतः सावकारी करू लागले, बाजारात दुकानं चालवली, शिपायांचे पगार तटवले, रयतेवर पट्ट्या वाढवल्या, असं रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्सच्या अहवालात आहे. बहुतेक खरंच असेल. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी शहराच्या बाहेरच्या वस्त्या जाळल्या, तेव्हा पैशाची ओढाताण आणखी वाढली. पण एक गोष्ट या चित्रात बसत नाही. तैनाती फौजेच्या करारावर या ‘बनिया’ने मरेपर्यंत सही केली नाही. दरबारात रेसिडेंट येऊन बसला, एल्फिन्स्टन काही वर्षं इथे राहून गेला, दबाव सतत होता. १८१६ च्या मार्चमध्ये रघुजी वारले आणि दोनच महिन्यांत पुतणे अप्पासाहेबांनी तो करार केला. पै-पै मोजणाऱ्या माणसाला परक्या फौजेचा खर्च आणि त्यामागची गुलामी, दोन्हीची किंमत नीट कळली असावी. त्याचा कंजूषपणा आणि त्याचं स्वातंत्र्य एकाच स्वभावातून आलं, असं मला वाटतं.

पुढचं वेगाने घडलं. फेब्रुवारी १८१७ मध्ये रघुजींनंतर गादीवर आलेला मुलगा परसोजी अंथरुणात मेलेले सापडले, संशय अप्पासाहेबांवर. नोव्हेंबरमध्ये अप्पासाहेब आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई. १८१८ मध्ये अप्पासाहेब कैदेतून निसटले ते कायमचेच. गादी रिकामी पडली, आणि इंग्रजांना तिच्यावर एक लहान राजा हवा होता.

तो सापडला दुसऱ्या रघुजींच्या मुलीच्या पोटी. गुजर घराण्यातला हा मुलगा, नाव बाजीबा, वय दहाच्या आसपास. परसोजींच्या विधवेच्या मांडीवर त्याला दत्तक दिलं, आणि दत्तकविधानात त्याचं नाव बदललं: रघुजी. पहिल्याला हे नाव देवाकडून आलं, दुसऱ्याला आजोबांकडून. तिसऱ्याला ते पदाबरोबर मिळालं. कारभार जेंकिन्सच्या हातात, वाड्याची सूत्रं दुसऱ्या रघुजींच्या राणी बाकाबाई यांच्या हातात. राजा मोठा झाल्यावर १८३० पर्यंत टप्प्याटप्प्याने मुलूख परत मिळाला, पण फौज, परराष्ट्र आणि शेवटचा शब्द इंग्रजांचाच.

अशा राजाने करायचं काय? रेसिडेंट मॅन्सेलच्या पत्रात राजाच्या दिनक्रमाची यादी आहे: कुस्त्या, पतंग, पत्ते, गाणं-नाच, हलक्या लोकांची संगत. ती वाचताना तारखेकडे लक्ष द्यायला हवं. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी औरस वारस न ठेवता वारले, आणि राज्य खालसा करायचं की नाही याचा खल चालू असताना हे पत्र कलकत्त्याला गेलं. राजा नालायक ठरला तर डलहौसीचं काम सोपं होणार होतं. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले, दागिने कलकत्त्याला. पतंग उडवणारा राजा आळशी असेलही. पण ज्याच्याकडे निर्णय घेण्यासारखं फार उरलंच नव्हतं त्याच्या रिकामपणाची वही सत्तेनेच ठेवावी, हे जरा अतीच.

आणि हे तिघांच्याही बाबतीत आहे. पहिल्याचं चित्र बंगालच्या भेदरलेल्या माणसांनी काढलं, दुसऱ्याचं त्याला हरवणाऱ्यांनी, तिसऱ्याचं त्याचं राज्य गिळणाऱ्यांनी. भोसल्यांची मराठी बखरसुद्धा काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी जेंकिन्सच्या सांगण्यावरून लिहिली. तिघांपैकी कुणी स्वतःच्या मनातलं चार ओळीत सांगितलंय, असं हाताशी नाही. उरतात ती पत्रं, आज्ञा आणि हिशेब, म्हणजे कृती. आणि कृतींवरून पहिला संधी ओळखणारा, दुसरा धरून ठेवणारा, तिसरा बांधून घातलेला दिसतो.

बाकाबाईंचंही असंच. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणारी काळी मारबत, म्हणजे जाळायचा पुतळा, १८८१ पासूनची, आणि ती म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, असं इतवारीत कुणीही सांगेल. शहर दरवर्षी तिला ईडापीडेसकट जाळतं. पण तिसरे रघुजी वारल्यावर दत्तकाच्या हक्कासाठी सर्वांत जास्त झगडल्या त्या याच म्हाताऱ्या बाकाबाई. नातवाचं राज्य वाचवायला त्यांनी इंग्रजांशी गोडीने राहून पाहिलं, अर्ज करून पाहिले, १८५७ मध्ये आपल्या माणसांना शांत ठेवलं. १८५८ मध्ये त्या वारल्या.

दत्तकाची बाजू थोडीफार मान्य झाली ती त्यानंतर. आहेरराव घराण्यातल्या यशवंतराव नावाच्या मुलाला वाड्यातल्या राण्यांनी आधीच मांडीवर घेतलं होतं. इंग्रजांनी त्याला राज्य दिलं नाही. सातारा भागातलं भोसल्यांचं जुनं देऊर गाव आणि त्यावरून ‘राजेबहादूर देऊरकर’ असा किताब दिला. दत्तक घेताना त्याचंही नाव बदललं होतं, आणि या वेळी राण्यांनी रघुजी हे नाव निवडलं नाही. त्याला जानोजी केलं.