सेरा पील : पोर्ट्रेटच्या पैशावर जगलेली बाई

आपल्याकडे गाण्याची घराणी असतात तसं अमेरिकेत फिलाडेल्फियातलं पील हे चित्रकारांचं घराणं. मोठे काका चार्ल्स विल्सन पील, जॉर्ज वॉशिंग्टनची पोर्ट्रेट्स करणारे, आणि त्यांनी पोरांची नावं काय ठेवली तर राफाएल, रेम्ब्रांट, रूबेन्स, टिशियन! (शाळेत काय हाल झाले असतील.) धाकटे भाऊ जेम्स मिनिएचरवाले, म्हणजे हस्तिदंताच्या चकतीवर तळहातात मावेल एवढं चित्र. त्यांची मुलगी सेरा मिरियम, जन्म 1800.

जेम्सची नजर अधू व्हायला लागली तशी बारीक काम पोरींकडे आलं. झालरीची एकेक जाळी, शालीची किनार असलं सगळं सेरा तिथेच शिकली आणि पुढे तिच्या चित्रांत चेहऱ्याआधी लेस आणि फर बघत बसावं असं होतं ते त्यामुळेच.

आता गंमत अशी की मिनिएचर हे बाईला 'शोभणारं' काम समजलं जायचं, टेबलाशी बसून करता येतं, पसारा नाही. मोठी बहीण अ‍ॅना त्यातच नाव कमावून होती. सेराने मात्र मोठा कॅनव्हास आणि तैलरंग घेतले, म्हणजे गिऱ्हाईक कोण तर पुढारी आणि पैसेवाले, समोर बसणार, आणि बाई त्यांना मान इकडे करा तिकडे करा सांगणार! 1818 मध्ये बाल्टिमोरला चुलतभाऊ रेम्ब्रांटकडे तीनेक महिने शिकली आणि त्याच वर्षी स्वतःचं पोर्ट्रेट केलं, खांद्यावरून मागे वळून बघणारी अठरा वर्षांची पोरगी. 1824 मध्ये पेनसिल्व्हेनिया अकादमी या कलासंस्थेने दोघी बहिणींना अकादमीशियन, म्हणजे मानाचं सभासद केलं, तिथल्या या पहिल्या बायका.

घराण्याचा फायदा झाला हे मान्यच आहे, बाल्टिमोरला चुलतभावांचं म्युझियमच होतं. पण ओळखीवर एखाद-दुसरं काम मिळतं हो, शंभरावर पोर्ट्रेट्स नाही मिळत, तीही थॉमस सलीसारखे नावाजलेले चित्रकार स्पर्धेत असताना. आणि धाडसही होतं. 1825 मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा फ्रेंच हिरो लाफाएत दौऱ्यावर आलेला, त्याला हिने सरळ पत्र टाकलं की माझ्यासमोर बसायला वेळ द्या, आणि तो बसला. याच लाफाएतला तरुणपणी काकाने रंगवलेलं! पुढे डॅनिएल वेबस्टर, सिनेटर थॉमस हार्ट बेंटन असे राजधानी वॉशिंग्टनचे राजकारणीही आले.

1847 मध्ये ती सेंट लुईसला गेली ती तीसेक वर्षं तिकडेच. एकटी, लग्न नाही, कमाई ब्रशची. या काळात फोटोग्राफीने पोर्ट्रेटवाल्यांचा धंदा खाल्लेला, डॅगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा सुरुवातीचा फोटो, 1839 चं, त्यात चेहरा हवा तर काही सेकंद किंवा मिनिटं बसलं की झालं. तिने हळूहळू फळांची चित्रं वाढवली, 1860 च्या आसपास तिकडच्या जत्रा-प्रदर्शनांत त्यांना बक्षिसंही मिळाली. म्हातारपणी बापही फळंच रंगवायचा.

तिला अमेरिकेतली पहिली व्यावसायिक पोर्ट्रेट चित्रकर्ती म्हणतात. 'पहिली' वर वाद घालायचा तर घाला, मला 'व्यावसायिक' हा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो, पन्नासेक वर्षं दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता स्वतःचं घर चालवणं हे त्या काळात किती बायकांना जमलं?

1878 मध्ये ती फिलाडेल्फियाला परत आली, अ‍ॅना आणि मार्गारेटा या बहिणींकडे, तिघीही चित्रकार. अ‍ॅना त्याच वर्षीच्या नाताळात गेली, मार्गारेटा 1882 मध्ये आणि सेरा 1885 मध्ये.